आधी गटार की आधी रस्ता? सभेपुढे विषय आलाय, तुमचं मत सांगा

तळमजला:
आमच्या प्रभागातल्या पाच गल्ल्यांचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत येतोय. रस्ते आत्ता काँक्रीटचे करायचे आणि पावसाळी गटार पुढच्या टप्प्यात, असा प्रस्ताव आहे. माझा सरळ विरोध आहे. डांबरी रस्ता होता तेव्हा कडेच्या मातीत थोडंफार पाणी मुरायचं तरी, आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीट ओतलं की ते सगळं वाहत येऊन सखल घरात शिरणार. आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, दर वेळी जुना थर न खरवडता वर नवा थर टाकत गेले आणि आता एकच उरलीय, तीही अर्धी रस्त्यात गाडलेली. मागच्या पावसात पाणी दारातून नाही, आधी न्हाणीच्या जाळीतून वर आलं, काळं आणि घाण वासाचं, आई पलंगावर पाय वर घेऊन बसलेली आणि मी जाळीत गोणपाट कोंबतोय. आधी गटार, मग रस्ता. बस.

रोजची_येजा:
तुमचे हाल झाले ते वाचून वाईट वाटलं, पण मी तरी आधी रस्ताच म्हणेन. पाणी वर्षातून काही दिवस तुंबतं, खड्डे बाराही महिने असतात. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, येताना गाडी आदळली की ते दुसऱ्या हाताने फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुईसाठी शीर जोडलेला) हात धरून डोळे मिटून घेतात, आणि हे मी दर खेपेला बघते. शिवाय "आधी गटार" म्हणजे काय होतं तेही बघितलंय, शेजारच्या गल्लीत चर खोदला, पाइप येऊन पडले, ठेकेदार गायब आणि सात महिने लोक फळी टाकून घरात जात होते. हातात आलेला रस्ता सोडू नका.

साइटवरचा:
मी याच कामात आहे म्हणून लिहितोय. ताई, खड्डे पडतात तेच मुळात पाण्याने. डांबर आणि खडी यांच्या मधे पाणी शिरलं की खडी सुटते, वरून चाकं जाऊन दाब देत राहतात आणि खड्डा वाढत जातो, म्हणजे तुमचं दुखणं आणि तळमजलावाल्यांचं दुखणं एकच आहे. काँक्रीटचा रस्ता नीट केला तर 20-30 वर्षं टिकतो, पण नंतर गटारासाठी कटर लावून कापला की ते ठिगळ मूळ स्लॅबशी एकजीव होत नाही, तिथूनच तडे जायला लागतात. आणि गटाराचं काम खालून वर करायचं असतं, नाल्याच्या तोंडापासून सुरू करून चढाकडे. उतार असा हवा की पाणी साधारण सेकंदाला 0.6 मीटरने तरी वाहील, नाहीतर गाळ बसतो आणि गटार नव्यातच भरतं.

तळमजला, एक विचारतो. न्हाणीतून पाणी वर आलं म्हणजे बहुतेक सांडपाण्याच्या लाइनीत कुणीतरी पावसाचं पाणी सोडलंय. तुमच्या गच्चीचा पाइप कुठे उतरतो ते बघितलंत का?

रोजची_येजा:
खालून वर ठीक आहे, पण नाल्याचं तोंड दुसऱ्या प्रभागात आहे. त्यांचा ठराव कधी, निधी कधी? तोवर बाबांनी काय करायचं? तुमचं शास्त्र बरोबर असेल हो, पण वाट बघायला लागते ती आम्हाला.

सायकलवाली:
गटार झालं म्हणजे सुटलो असं नाही हं. आमच्याकडे वरून फरशी टाकून सिमेंटने पक्की बंद केली, सगळे खूश, आता आत गाळ साचलाय आणि काढायचा तर फोडावं लागतं. मोहेंजोदडोत चार हजार वर्षांपूर्वी विटांची गटारं होती आणि त्यावर काढता येतील अशी झाकणं होती! उघडून साफ करता येणार नसेल तर ते गटार मला नको. एवढं तरी ठरावात घाला.

तळमजला:
@साइटवरचा आत्ता जाऊन बघून आलो. आमच्याच इमारतीचा गच्चीचा पाइप थेट सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलाय, बाजूच्या दोन इमारतींचाही तसाच. तो आम्ही काढून घेतो, सोसायटीत आजच विषय मांडतो. पण रस्त्याच्या उंचीवर मी मागे हटणार नाही. काम संपल्यावर रस्ता आमच्या जोत्यापेक्षा किती खाली असेल तो आकडा ठरावातच पाहिजे. ताई, दोन गल्ल्या नाल्याला लागून आहेत, त्यांचं गटार-रस्ता एकत्र आत्ता होऊ शकतं, तुमची त्यातलीच ना?

रोजची_येजा:
नाही, माझी वरची. म्हणजे मी शेवटी. आमच्या गल्लीचे खड्डे तोवर नीट बुजवून देणार असं लेखी मिळालं तर तुमच्या अर्जावर सही करेन, नाहीतर सभेत मी विरोधातच बोलणार.