'आमच्याकडे कुणी पडत नाही' म्हणणारं केअर सेंटर निवडावं का?

सावलीकर
आत्यासाठी केअर सेंटर बघतोय. तिला स्मृतिभ्रंश आहे, चालते पण झोक जातो. एका ठिकाणच्या व्यवस्थापकांनी छाती फुगवून सांगितलं, "वर्षभरात आमच्याकडे एकही पेशंट पडलेला नाही." नातेवाइकांना हे ऐकून हायसं वाटत असणार. मला मात्र शंका आली. 80 च्या पुढची, पाय लटपटणारी एवढी माणसं एका छपराखाली राहतात आणि कुणीच पडत नाही? एक तर पडल्याची नोंद होत नसेल, नाहीतर कुणाला उठूच देत नसतील.

संध्याकाळच्या सुमारास हॉलमध्ये डोकावलो. सगळे खुर्चीत, आणि प्रत्येक खुर्चीला पुढून ट्रे अडकवलेला. एक आजोबा ट्रेच्या खालून बोटं फिरवत खिट्टी शोधत होते. खिट्टी मागच्या बाजूला होती.

माझं मत सांगतो. माणसाला जखडून ठेवणारी जागा सुरक्षित नसते. म्हातारपणी हालचाल थांबली की पायातली ताकद काही दिवसांतच उतरते, तोल आणखी बिघडतो, आणि मग कधीतरी उठायला गेलं की पडणं ठरलेलंच. वर बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा), बद्धकोष्ठता, छातीत कफ. त्यामुळे 'किती जण पडले' हे मी विचारणारच नाही. 'शेवटचं कोण पडलं, तेव्हा काय केलंत, आणि त्यानंतर काय बदललंत?' हे विचारणार. ज्यांच्याकडे याचं सरळ उत्तर असेल, तिथे आत्याला ठेवीन.

उंबरठा
साफ असहमत. ज्याच्या घरात खुब्याचं हाड मोडलंय त्याला विचारा. माझ्या आईचं मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पहिली आई काही परत आली नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचातला एक जण वर्षभरात जातो, हे कुठल्याही हाडांच्या डॉक्टरांना विचारा. तुमच्या तत्त्वाची किंमत आत्याच्या हाडांनी मोजायची का? मला ट्रे चालेल, पलंगाला कठडे चालतील.

रात्रपाळी
मी अशाच ठिकाणी सिस्टर म्हणून काम करते. दोघांनाही थोडं बोलणार.

उंबरठा, कठड्याचं सांगते. गोंधळलेला पेशंट कठडा बघून थांबत नाही, त्यावरून पाय टाकतो. मग पलंगाच्या उंचीवरून पडायचा तो कठड्याच्या उंचीवरून पडतो. गादी आणि कठड्याच्या फटीत मान अडकून माणसं दगावलीही आहेत. त्यापेक्षा जमिनीपासून कमी उंचीचा पलंग, खाली पसरलेली गादी, पायात मागून पट्टा असलेली चप्पल आणि संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा, हे जास्त उपयोगी.

आता सावलीकर. तुम्ही ट्रे बघितलात, पण न दिसणारी दोरीही असते. संध्याकाळी सहालाच सगळे पेंगताना दिसले की 'किती शांत वातावरण' म्हणू नका, औषधांचा तक्ता मागा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना अँटिसायकोटिक गोळ्यांनी (भास, आक्रमकपणा आवरायला देतात त्या, गुंगीही आणतात) मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्ये नव्या पिढीच्या गोळ्यांवर आणि 2008 मध्ये जुन्या पिढीच्या गोळ्यांवरही छापायला लावला. कधीकधी त्या द्याव्या लागतात. पण का सुरू केल्या, कुणी लिहून दिल्या आणि कधी थांबवणार, हे कुणाला तरी सांगता आलं पाहिजे.

ठोकताळा
एवढा काथ्याकूट कशाला? प्रत्येक खोलीत कॅमेरा, घरबसल्या फोनवर बघा. पारदर्शक कारभार. जे नाही म्हणतील त्यांच्याकडे जायचं नाही.

रात्रपाळी
@ठोकताळा, तुमचं डायपर बदलताना भाचे-पुतणे फोनवर बघतायत, असं चालेल का तुम्हाला? आणि कॅमेऱ्याला हात नसतात हो. पडल्याचं तो दाखवेल, उचलायला माणूसच लागतं. जिन्यात, दारात, हॉलमध्ये जरूर असावा.

पारिजात
या सगळ्यात आत्याबाईंचं मत कुठे आहे?

सावलीकर
@पारिजात, विचारलं होतं. म्हणाली, संडासाला आतून कडी पाहिजे.

उंबरठा
बघा! नेमकं हेच म्हणतोय. आत घेरी आली तर दार फोडणार का? काही गोष्टी त्यांच्या मनावर सोडून चालत नाहीत.

रात्रपाळी
आतून लागते पण बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते, अशी कडी मिळते. दारही बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, म्हणजे माणूस दाराशी पडलं तरी उघडता येतं. आत्याबाईंची मागणी रास्त आहे.

उंबरठा
कडीचं ठीक, कठड्याचंही मानलं. पण तुमच्या सगळ्या उपायांना माणसं लागतात. रात्री 20 जणांमागे एक मावशी असेल तर ती कुणाकुणाला संडासाला नेणार?

सावलीकर
म्हणूनच ती जागा यादीतून काढायची.

उंबरठा
काढायला यादी तर हवी! आम्हाला हॉस्पिटलने डिस्चार्ज दिला तेव्हा हातात दोन दिवस होते आणि एकाच ठिकाणी खाट रिकामी होती. हिंडून पाहण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही.

रात्रपाळी
हा मुद्दा खरा आहे, अशीच घाईत आलेली कुटुंबं आमच्याकडे जास्त. अशा वेळी पहिला महिना पाहणीचाच समजायचा. आल्या दिवशी वजन लिहून ठेवा. महिन्यात 5 टक्के उतरलं तर भरवण्यात किंवा गिळण्यात काहीतरी बिघडलंय. आंघोळीच्या वेळी जा आणि टाचा, माकडहाड, खुबे बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही, तर कूस बदलली जात नाहीये. त्वचा अजून फाटलेली नसते, म्हणजे तेव्हाच बोललं तर जखम टळते. जेवणाच्या वेळीही न सांगता जा. भरवणारी बसून भरवते की उभ्याने घास कोंबते, हे दारातूनच दिसतं. घाईने भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो.

आणि रात्री नऊनंतर एकदा बेल दाबून बघा, किती वेळात कोण येतं ते. रात्री पडणारे बरेच जण संडासाला जायला उठलेले असतात, बेल वाजवून कंटाळलेले.

उंबरठा
ही बेलची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. तरीही माझं मत कायम आहे. मनुष्यबळ कमी असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर मी ट्रेला हो म्हणेन. करारात 'पेशंट पडल्यास संस्था जबाबदार नाही' असं कलम असतं, ते तेवढं वाचा.

सावलीकर
वाचलंय, त्यावर सही करणार नाही. त्याच्या जागी 'पडल्यापासून तासाभरात घरी फोन, डॉक्टरांची तपासणी आणि रजिस्टरात नोंद' असं लिहून मागितलंय. छाती फुगवणाऱ्या व्यवस्थापकांचा अजून निरोप नाही. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी रजिस्टरच पुढ्यात ठेवलं, शेवटची नोंद मागच्याच आठवड्यातली होती. शनिवारी रात्री तिथे बेल दाबायला जातोय.