लॅमिनेशन नको, पुठ्ठ्याच्या तिकिटांना तर मुळीच नको

जुनी रेल्वे तिकिटं लॅमिनेट करून टाका म्हणजे ठाण्याच्या पावसाळ्याची चिंता मिटली, असं काहीजण सुचवतात. कृपया कोणी करू नका. गरम डिंक एकदा कागदात मुरला की तो काही केल्या निघत नाही. शिवाय पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख बहुतेकदा शाईने नसायची, यंत्रात दाबून उठवलेली असायची. टॉर्च तिरका धरला की आकडे स्पष्ट दिसतात. आजोबांचं ठाणे-व्हीटी तिकीट मी हौसेने लॅमिनेट करून घेतलं आणि रोलरखाली ती तारीखच सपाट झाली. अजून जीव हळहळतो.

आता मी पॉलिस्टरची (कापडाची नव्हे, पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं वापरतो. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांना शाई चिकटते. अल्बम लोखंडी कपाटात उभा ठेवा, पण बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, तिथे ओल येते. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी अल्बम उघडून कसर लागली नाही ना, ते बघत जा. उन्हात मात्र घालू नका, रंग उडतो.