स्केचअपमध्ये डिसेंबरची सावली अख्खा चौक झाकतेय, आई म्हणते तुळशीवर ऊन असायचं

चौसोपी:
नमस्कार मंडळी. वाईतला आमचा वाडा पुढच्या उन्हाळ्यात उतरवायचं ठरलंय. त्याआधी तो जसाच्या तसा स्केचअपमध्ये, म्हणजे संगणकावर थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभा करतेय. दोन रविवार टेप घेऊन मापं घेतली. मधला चौक दक्षिणोत्तर १८ फूट, दक्षिण सोप्याची वळचण जमिनीपासून १० फुटांवर, बरोबर मधोमध तुळशीवृंदावन, ४ फूट उंच आणि २ फूट रुंद.

आईला दाखवायला २२ डिसेंबर, दुपारी १२ लावून शॅडो चालू केली. सगळा चौक सावलीत, वृंदावन काळपट. आई म्हणाली, "हा आपला चौक नाही. थंडीत मी दुपारी तुळशीच्या पलीकडे गहू निवडत बसायचे, अंगावर ऊन असायचं."

शॅडोच्या पॅनेलमध्ये टाइम झोन भारताचा, यूटीसी +५:३०, केला तर भर दुपारी काळोख! परत जुना केला. लाइट आणि डार्क दोन्ही स्लायडर वाढवले तर सगळं पांढरंफटक, खांबांची नक्षीच दिसेना. शॅडो बंद केली तरी काही भिंती काळ्याच. मला आईच्या आठवणीतला चौक हवाय. नेमकं काय बदलू?

काटकोन:
ताई, आईंचं बरोबर आहे. तुमच्या वाड्यावर अमेरिकेतलं ऊन पडतंय. फाइलला जागा सांगितली नाही तर स्केचअप कोलोरॅडोतलं बोल्डर धरतं. हे सॉफ्टवेअर मुळात तिथंच जन्मलं.

बोल्डर ४० अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारी तिथं सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर असतो, म्हणजे १० फुटांच्या वळचणीची सावली २० फूट. तुमचा चौक १८ फूट, तो झाकणारच. वाई १८ अक्षांशाच्या किंचित खाली. तिथं त्याच दिवशी सूर्य साधारण ४८.५ अंशांवर चढतो आणि तीच सावली ९ फुटांच्याही आत थांबते.

काळोखाचं कारणही तेच. टाइम झोननं घड्याळ बदलतं, गाव बदलत नाही. वाईत दुपारचे १२ वाजतात तेव्हा बोल्डरला आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात.

विंडो, मॉडेल इन्फो, जिओ-लोकेशन, तिथं 'सेट मॅन्युअल लोकेशन'. अक्षांश १७.९५ उत्तर, रेखांश ७३.८९ पूर्व टाका आणि मग टाइम झोन +५:३० करा. वेळ १२ ऐवजी साडेबारा ठेवा. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावरचं आहे, त्यामुळे वाईत सूर्य माथ्यावर यायला अर्धा तास जास्त लागतो.

आणि स्केचअप हिरव्या अक्षाला उत्तर मानतं. जुने वाडे गल्लीच्या रेषेत बांधलेले असतात, होकायंत्र लावून एकदा खात्री करा. मी एका घराच्या बाबतीत हे केलं नव्हतं. सज्जा भलत्याच बाजूला काढला गेला आणि त्या लोकांच्या स्वयंपाकघरात अजून दुपारचं ऊन येतं. ते मला आजही लागून आहे.

सागवान:
शॅडो बंद करूनही भिंती काळ्या दिसतात कारण 'यूज सन फॉर शेडिंग' ला टिक राहिलीय. ती असली की सावली पडली नाही तरी प्रत्येक पृष्ठाची छटा सूर्याच्या दिशेवरून ठरते. टिक काढली की उजेड तुम्ही जिथून बघताय तिथून येतो. मॉडेल फिरवा, छटा फिरतील. नक्षी कोरताना मी ती टिक काढूनच ठेवतो.

स्लायडर दोन्ही एकदम वाढवू नका. लाइट म्हणजे उन्हाचा जोर, डार्क म्हणजे सावलीतल्या भागाला मिळणारा उजेड. डार्क फार चढवला की उन्हातली आणि सावलीतली बाजू एकसारखी होते, मग नक्षी कशी उठून दिसणार? मी सागवानी खांबांना लाइट ८० आणि डार्क ५० च्या आसपास ठेवतो.

एखादं पृष्ठ निळसर करडं दिसत असेल तर तो उजेडाचा दोष नाही, ते उलटं झालंय. राइट क्लिक करून 'रिव्हर्स फेसेस' करा.

चौसोपी:
केलं! वाई टाकली, साडेबारा लावले. सावली वृंदावनाच्या दक्षिण बाजूला टेकते, पायाशी फूटभर चढते आणि वर सगळं ऊन. आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं, "इथं माझं सूप असायचं." बोट वृंदावनाच्या उत्तरेला होतं, बरोबर उन्हात. मग तिनं मला वेळ पुढं सरकवायला लावली, चारपर्यंत, आणि ऊन पूर्वेच्या सोप्यावर चढताना बघत बसली.

दोघांचे मनापासून आभार. फक्त माजघर अजून मिट्ट काळं आहे. खरं तर चौकातला उजेड दारातून आत यायचा.

सागवान:
स्केचअपच्या या सावल्यांत उजेड फरशीवर आपटून आत जात नाही, फक्त थेट ऊन धरलं जातं. माजघरासाठी वेगळा सीन, म्हणजे सेटिंग्जसकट जपून ठेवलेलं दृश्य, करा, त्यात शॅडो बंद, सूर्याची टिक काढलेली. सीन सेव्ह करताना 'शॅडो सेटिंग्ज' ला खूण राहू द्या, म्हणजे चौकाच्या सीनचं ऊन हलणार नाही.