पोळ्याच्या फ्लेक्ससाठी फुकटात चांगलं चित्र कसं काढावं?

अहमदपूरकर: गावच्या पोळ्याचा फ्लेक्स माझ्याकडं हाय. एआयला ‘देवणी बैल’ म्हणलं की विलायती गाय येतीय, वशिंडाचा पत्ता नाही. ‘शुभेच्छा’ची अक्षरं तर नुसता गिचमिडकाला. काय करावं?

उदगीरचा फ्लेक्सवाला: भाऊ, नुसत्या नावानं भागत नाही, बैल वर्णन करून सांगावा लागतो. इंग्रजीत लिव्हा: पांढऱ्या अंगावर काळे चट्टे, मोठं वशिंड, लोंबते कान, शिंगांना बेगड, पाठीवर आरशांची झूल, बाजूनं सकाळचं ऊन. कम्प्युटरात एनव्हिडियाचं ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असंल तर ‘फूकस’ (Fooocus) हे एआयनं चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाका, चकटफू हाय. चित्राचा आकार १०२४ बाय १०२४ पिक्सेल निवडा. त्यातल्याच ‘अपस्केल’मध्ये, म्हंजी चित्र मोठं करायच्या सोयीत, दोनदा दुप्पट केलं की ४०९६. चार फुटी फ्लेक्सला इंचामागं ८५ पिक्सेल, लांबून बघायला रग्गड. अक्षरं मात्र एआयला काढू देऊच नका, इंकस्केप या फुकटच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ‘मुक्ता’ या देवनागरी फॉन्टात टाइप करा.

नांदेडहून: अन् कार्डच नसलं तर?

फ्लेक्सवाला: मग बिंगचं इमेज क्रिएटर, ते ऑनलाइन चालतंय. मायक्रोसॉफ्टचं खातं तेवढं लागतंय.

अहमदपूरकर: फूकसवर बैल जमला की राव! पण पाय पाच आलेत.

फ्लेक्सवाला: त्यातच इनपेंट हाय, म्हंजी चित्राचा तेवढाच भाग नव्यानं काढायची सोय. तेवढ्या जागेवर ब्रश फिरवा, ‘रिकामी जमीन’ लिव्हा. पाचवा पाय जाईस्तोवर ‘जनरेट’ बटण दाबत ऱ्हावा.