पाउचनंतर वारंवार आतडं अडकतं? हाती आलेलं नेमकं लिहा

मुंबईतल्या पाउचवाल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा. मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या टोकाचा जे-पाउच (मल साठवणारी आतली पिशवी) केला, की पुढे कितीही वर्षांनी आतडं अडकू शकतं. आपबीती नको. रात्री अडीच वाजता दुसऱ्या कुणाच्या कामी येईल तेवढंच लिहा.

दादर
सगळ्यात घातक गैरसमज आधी. अर्धवट अडथळ्यात मोशन बंद होतेच असं नाही. अडकलेल्या जागेच्या कडेने पाणी वाट काढतं आणि कळा येऊन नुसतं पिवळं पाणी पडत राहतं. घरचे म्हणतात, जुलाब लागले, आणि लोपरामाइडची गोळी पुढे करतात. त्या गोळीने आतड्याची हालचाल मंदावते आणि अर्धा अडथळा पुरा व्हायला मदत होते. फरक पोटावरून कळतो. साध्या जुलाबात मोशन झाल्यावर पोट हलकं वाटतं. अडथळ्यात ते फुगलेलंच राहतं. दर काही मिनिटांनी बेंबीभोवती मुरडा चढतो, गुडगुड बाजूच्या माणसाला ऐकू येते, मग ओसरतो आणि परत येतो. इसबगोलही त्या दिवशी बंद, तो पाणी शोषून फुगतो.

परळ, स्टोमा नर्स
स्टोमा म्हणजे पोटावर काढलेली मलाची वाट, तिची देखभाल मी शिकवते. दादरकरांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. घरी किती थांबायचं ते सांगते. वात सरतोय, उलटी नाही आणि पोट मऊ आहे, हे तिन्ही असेल तरच थांबा. घट्ट खाणं बंद. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. ग्लासात थोडी थोडी पूड टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे घ्या, गटागट नको. गरम पाण्याची पिशवी, घरातल्या घरात फेऱ्या, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर पडणं, एवढंच करा. एरंडेल, जुलाबाची गोळी, एनिमा यांतलं काहीही आपल्या मनाने नको.

चार तासांत सुटलं नाही तर निघा. उलटी झाली, वात पूर्ण थांबला, ताप आला, नाडी पळायला लागली, किंवा येऊन-जाऊन असलेली कळ सलग दुखू लागली, तर चार तासही थांबू नका. सलग दुखणं म्हणजे आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता. अशा वेळी पाण्याचा घोटही नाही. 108 ला फोन करा.

विरार, रुग्णाची बायको
आमच्यासारख्या लांबच्यांनी घड्याळ वेगळं लावावं. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की रुळांवर पाणी येतं, लोकल थांबते, हायवे तुंबतो. असा अंदाज असेल तर पोट फुगल्याबरोबर निघावं, शेवटच्या गाडीची वाट बघू नये.

फाइलच्या वर एक कागद असावा: कुठलं ऑपरेशन, कधी, स्टोमा कधी बंद केला, आधी किती वेळा अडकलं, कशाने सुटलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सर्जनचा नंबर. खाली ठळक अक्षरात: ‘मोठं आतडं काढलेलं आहे. सर्जनला विचारल्याशिवाय एनिमा देऊ नये.’ जुन्या सीटी स्कॅनची सीडी सोबत हवीच. आधीच्या वेळी नेमकं कुठे अडकलं होतं ते रेडिओलॉजिस्टला ताडून बघता येतं.

परळ, स्टोमा नर्स
ॲडमिट झाल्यावर काय होतं तेही लिहिते, म्हणजे धास्ती कमी होईल. तोंडाने काही नाही, सलाइन, नाकातून पोटात रायल्स ट्यूब, म्हणजे पातळ नळी. ट्यूब घालताना हनुवटी छातीकडे घ्यावी आणि सांगितलं की गिळत राहावं. पोटातलं साचलेलं निघालं की फुगण्याचा ताण उतरतो. रक्तात क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम बघतात. पुष्कळदा पोट रिकामं केल्यावर ट्यूबमधून साधारण 100 मिली गॅस्ट्रोग्राफिन (एक्स-रेत दिसणारं आयोडीनयुक्त औषध) देतात आणि ते पाउचपर्यंत पोचलं का हे एक्स-रेत पाहतात. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. चिकटलेलं आतडं सोडवायला परत पोट उघडलं की त्यातूनही नवे चिकटे (आतडी एकमेकांना चिकटवणारे व्रणाचे पट्टे) तयार होतात, म्हणून आतडं सुटत असेल तर सर्जन वाट बघतात. ती चालढकल नव्हे.

मुलुंड
दर वेळी चिकट्यांवर ढकलू नका. पाउच आणि गुदद्वाराच्या जोडावर आकुंचन असेल तर कुंथावं लागतं, मलाची धार बारीक होते, उठल्यावर लगेच परत जावंसं वाटतं. तो जोड डॉक्टरांना बोटाने किंवा डायलेटरने रुंद करता येतो. पाउचच्या तोंडाशी येणारं आतडं वळलं असेल तर पाउचची दुर्बिणीने तपासणी लागते. दोनदा त्याच जागी अडकलं तर हे स्वतःहून विचारा.

गिरगाव
खाण्याबद्दल. भाजलेला भुट्टा, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मशरूम, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, संत्र्याचे पांढरे पापुद्रे, सुके अंजीर नि जर्दाळू (आत गेल्यावर फुगतात) हे नेहमीचे अपराधी. पदार्थ सोडायचा नसतो, त्याचं रूप बदलायचं असतं. ओल्या खोबऱ्याऐवजी नारळाचं दूध. शेवग्याची आमटी गाळून. आमरस चाळणीतून. मेथी-पालकाचे देठ काढून पानं बारीक चिरून शिजवायची.

उपासाची साबुदाणा खिचडी जपून. अख्खे दाणे, चिकट गोळा आणि दिवसभराचं रिकामं पोट, तिन्ही एकाच ताटात येतात. दाण्याचा कूट पिठासारखा करा, वाटीभरच घ्या, आणि तोंडात पातळ लगदा होईपर्यंत चावा.

मुलुंड
सुटल्यावर पहिलं काय द्यावं, ताई?

गिरगाव
पहिला दिवस गाळलेली भाताची पेज आणि वरणाचं निवळ पाणी, मीठ घालून, दर दोन तासांनी अर्धी वाटी. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं नाही तर गुरगुट्या भात नि पातळ वरण. मग इडली, मऊ उकडलेला बटाटा. कोशिंबीर आणि उसळी निदान आठवडाभर नकोत; आतड्याची सूज उतरायची असते, तोवर वाट अरुंदच असते.