नव्या हौदात कोई मासे मरत आहेत, पाण्यात काय टाकावे? (मदत हवी आहे)

कळंबा रोड
नमस्कार. घराच्या परसात नुकताच माशांसाठी हौद बांधून घेतला आणि त्यात कोई व गोल्डफिश सोडले. पाणी तळ दिसेल इतके नितळ आहे, वासही येत नाही, तरीही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात आणि सकाळी एखाददुसरा मेलेला सापडतो. दुकानदाराने दिलेले निळे औषध टाकून पाहिले, सगळे पाणी उपसून पुन्हा भरले, परंतु काहीही फरक पडलेला नाही. उरलेले मासे वाचवायचे आहेत, तेव्हा कोणते औषध टाकावे एवढे कृपया लवकर सांगावे.

बागवेडा
औषधाचे नाव सांगण्यापूर्वी थोडी माहिती हवी. हौद सिमेंटचा आहे की प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आहे? लांबी, रुंदी, खोली किती? पाणी नळाचे की बोअरचे? मासे किती आणि खाद्य किती वेळा घालता? यांतले एकही आपण लिहिलेले नाही.

मत्स्यशेती
माझा शेततळ्याचा अनुभव पुष्कळ वर्षांचा आहे. कोई आणि गोल्डफिश हे नाजूक, विकतचे लाड आहेत. त्याऐवजी रोहू आणि कटला सोडा. तळाला शेणखत घातले की पाण्यात प्लवंग, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, तयार होतात, मासा त्यावर वाढतो आणि पुढे ताटातही येतो.

बागवेडा
धागाकर्त्यांनी खाण्यासाठी मासे पाळलेले नाहीत. शिवाय परसातल्या छोट्या हौदात शेण घातले तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेईल आणि आहेत तेही मासे दगावतील. शेततळ्याचे गणित वेगळे असते, कृपया ते येथे लावू नये.

उचगावकर
हे नळाच्या पाण्यामुळेच होत असणार. पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. तेच पाणी आपल्या घरात येते, मग हौदातले मासे कसे जगतील?

पाणीतपासनीस
नदीतले मासे मरतात ते प्रामुख्याने सांडपाणी आणि मळीमुळे पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून. घरात येणारे पाणी शुद्धीकरण होऊन येते आणि त्यातून माशांना धोका असतो तो क्लोरिनचा. क्लोरिन कल्ले जाळतो, परंतु उघड्या टाकीत हवेचा पंप लावून पाणी एक-दोन दिवस ठेवले की तो बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेट, ज्याला हायपो म्हणतात, ते क्लोरिन लगेच नाहीसा करते. मात्र या प्रकरणात खरा दोष दुसरीकडे असावा असे मला वाटते. कळंबा रोड, हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेपाशी पांढरा थर दिसतो का?

कळंबा रोड
सिमेंटचाच हौद आहे, मला वाटले ते लिहायची गरज नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल. गवंड्याने आतून गिलावा करून वर घोटून दिले आहे. पाणी नळाचे, थेट पाइपने भरतो. लहान-मोठे मिळून पंचवीस मासे सोडले होते, खाद्य सकाळ-संध्याकाळ मूठभर. पांढरा थर आहे, बोटाने खरवडला की पिठासारखा निघतो. त्याचा माशांशी काय संबंध?

पाणीतपासनीस
तोच तर संबंध आहे. ताज्या सिमेंटमधून चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात झिरपत राहतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचाच तो पांढरा थर बनतो. हा चुना पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ९ च्या वर सहज नेतो, आणि पाणी जितके नवे भराल तितका गिलाव्यातून नवा चुना सुटण्यास वाव मिळतो. नितळपणावरून पाणी चांगले ठरत नाही. जे माशांना मारते ते डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जुन्या हौदात भिंतींवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यांपैकी नायट्रेट बरेचसे निरुपद्रवी असते. नव्या हौदात हे जिवाणू नसतात आणि त्यांची वसाहत नीट बसायला साधारण महिना ते दीड महिना लागतो. विरजण न लावता दूध ठेवले तर त्याचे दही होत नाही, तसेच हे आहे. आपण सगळे पाणी उपसले तेव्हा जी थोडीफार वसाहत सुरू झाली असेल तीही विस्कटली असणार, आणि ते निळे औषध मेथिलीन ब्लू असेल तर ते या जिवाणूंनाही मारते.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी वाटा पीएचवर अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७.५ असेल तर तो २ टक्क्यांच्या आत असतो, आणि पीएच ९ असेल तर एक तृतीयांशाहून अधिक होतो. पाणी तापले की तो आणखी वाढतो. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हौदात चालून जाणारा अमोनिया आपल्या हौदात प्राणघातक ठरतो. कृपया अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजणारे टेस्ट किट आणा आणि आकडे येथे लिहा. मोजल्याशिवाय काहीही टाकू नका.

आजोबांची विहीर
एवढे किट वगैरे कशाला? आमच्याकडे नवी सिमेंटची टाकी बांधली की केळीचा खांब चिरून त्यात काही दिवस बुडवून ठेवत, मग पाणी काढून टाकत, की चुना निघून जाई. तुरटी फिरवली तरी पीएच खाली येतो.

पाणीतपासनीस
केळीच्या खांबाची पद्धत खरी आहे, पण ती मासे सोडण्यापूर्वीची. मासे आत असताना खांब कुजला तर प्राणवायू कमी होईल. तुरटीने पीएच उतरतो हेही खरे, परंतु तो झटक्यात उतरतो आणि अशी घसरण माशांना सोसत नाही.

रंकाळा सकाळ
माझा उपाय सोपा आहे. पाण्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, सोडा, ते घाण शोषून घेते. कुठेही फुकट मिळते.

बागवेडा
केंदाळ अमोनिया शोषते, हे मान्य. पण पाहता पाहता ते सगळा पृष्ठभाग झाकते, रात्री पाण्यातला प्राणवायू ओढते आणि उपसून टाकलेले पुन्हा ओढ्यात गेले की नदी व तलावांचे जे हाल होतात ते आपण सगळे पाहतो. वनस्पती हवीच असेल तर कडेला कुंडीत कर्दळ किंवा वेखंड लावावे. तेही उपयोगी पडते आणि पसरत नाही.

पाटाकडेला
एक वेगळा मुद्दा: गप्पी मासे सोडल्यास डासांच्या अळ्या होत नाहीत. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा याचाही विचार करावा.

कळंबा रोड
डासांचा प्रश्न नाही. किट आणले. पीएच ९, अमोनिया १ मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्राइट शून्य. एका मेलेल्या माशाचे कल्ले उचलून पाहिले, ते लालच आहेत. दुकानदार म्हणतो की जिओलाइट नावाच्या खनिजाचे खडे टाका, ते अमोनिया धरून ठेवतात. एका पिशवीत घालून टाकलेही आहेत. आता सांगा, मासे कसे वाचवायचे?

पाणीतपासनीस
नायट्राइट शून्य म्हणजे जिवाणूंचे काम अजून सुरूच झालेले नाही. कल्ले तपकिरी असते तर नायट्राइटचा संशय घेतला असता. माझ्या मते या हौदात आत्ता औषधाने काही साधणार नाही. उरलेले मासे बाहेर काढून प्लॅस्टिकच्या मोठ्या टाकीत ठेवा, त्यात क्लोरिन उडालेले पाणी हवे आणि हवेचा पंप अहोरात्र चालू हवा. मात्र हौदाच्या आणि टाकीच्या पीएचमध्ये फरक असणार, म्हणून टाकीतले पाणी माशांच्या बादलीत तासाभरात थोडे थोडे मिसळत जा, एकदम सोडू नका. टाकीतले चौथाई पाणी रोज बदला. खाद्य बंद ठेवा, कारण निरोगी मोठा कोई आठवडाभर उपाशी राहू शकतो आणि पाण्यात न घातलेले खाद्य अमोनियाही करत नाही.

दरम्यान हौद रिकामा करून ब्रशने घासा, सौम्य व्हिनेगरने धुवा, अनेक वेळा पाणी भरून सोडा आणि दर वेळी पीएच तपासा. ८ च्या आसपास टिकू लागला तरच मासे परत आणा. पैशाची सोय असेल तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा एपॉक्सीचा लेप लावावा, म्हणजे चुना झिरपण्याचा प्रश्न कायमचा मिटेल. आपला हौद पाच हजार लिटरचा आहे. पूर्ण वाढलेल्या पंचवीस कोईंसाठी तो अपुराच पडेल, तेव्हा परत सोडताना थोडेच सोडा. एखाद्या जुन्या, निरोगी हौदातला मळका स्पंज मिळाला तर तो फिल्टरमध्ये न धुता ठेवा, जिवाणूंची सुरुवात त्यातूनच होईल.

उचगावकर
मीठ टाकायला सांगा की! जाडे मीठ टाकले की मासे तरतरीत होतात, हा माझा अनुभव आहे.

पाणीतपासनीस
नायट्राइट चढल्यावर लिटरला १ ग्रॅम मीठ उपयोगी पडते, कारण क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण येथे नायट्राइट नाही आणि पाण्यात जिओलाइट पडले आहे. खारट पाण्यात जिओलाइट धरून ठेवलेला अमोनिया परत सोडून देते. कळंबा रोड, ती पिशवी आपण टाकीत नेणार असाल तर त्या टाकीत मीठ अजिबात टाकू नका, आणि मीठ टाकायची वेळ आलीच तर आधी पिशवी बाहेर काढा.

कळंबा रोड
समजले. टाकी आणि हवेचा पंप शेजाऱ्यांकडून मिळतो आहे, मासे आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर हलवतो. टाकी गच्चीवर ठेवू की जिन्याखाली सावलीत?

बागवेडा
सावलीत ठेवा. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी राहतो आणि अमोनियाचा विषारी वाटा वाढतो. टाकीच्या तोंडावर जाळी बांधायला विसरू नका, घाबरलेला कोई उडी मारून बाहेर पडतो.