एमएक्स-५ रोज चालवतो, कॅम्बर-टो किती ठेवू? पुढचे टायर आतून संपले

घाटवेडा_रेडिंग:

नमस्कार मंडळी. मी यूकेत रेडिंगला असतो, २००२ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.८, एनबी (दुसरी पिढी) फेसलिफ्ट, टायर १९५/५० आर १५. गेल्या वर्षी स्प्रिंगा बदलल्या, गाडी साधारण २५ मिमी खाली बसली. मग नेटवर कुणाच्यातरी ट्रॅकच्या गाडीचे आकडे सापडले, तेच छापून गॅरेजवाल्याच्या हातात दिले. पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे २.२ अंश, टो आऊट (चाकांची पुढची टोकं फाकलेली) एकूण ३ मिमी, मागे कॅम्बर उणे १.८, टो शून्य. पहिल्या दिवशी काय भारी वाटली राव, स्टीअरिंगला नुसतं बोट लावलं की नाक आत.

पण रोज ऑफिसला जाऊन-येऊन ४० मैल एम४ मोटरवेवर जातो आणि तिथे लॉरींनी ज्या चाकोऱ्या पाडल्यात त्यात गाडी शिरली की स्वतःच्या मनाने चालते, दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं, पावसात तर घामच फुटतो. आणि परवा स्टीअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या आत बघितलं तर कडेला चक्क दोऱ्या दिसतायत, बाहेरून टायर नवेकोरे! ८ हजार मैल पण झाले नाहीत. बायको म्हणाली गाडीला एक पाय घासत चालायची सवय लागलीय का.

महिन्यातून एकदा पहाटे वेल्सला जातो, ए४०६९ वर, आपल्या ताम्हिणीसारखा रस्ता आहे फक्त धबधब्याखाली नाचणारी पब्लिक नाही. ट्रॅकवर कधी जाणार नाही. तर आकडे सांगा, वळणाची मजा पण राहिली पाहिजे आणि टायर पण.

तिरकं_चाक:

भाऊ, सगळे कॅम्बरला शिव्या देतात पण टायर खाल्लाय तो मुख्यतः टोने. कॅम्बर उणे असेल तर चाक वरून आत कललेलं असतं, भार आतल्या कडेवर येतो, बरोबर, पण टायर तरी सरळ घरंगळत असतो. टो आऊटमध्ये दोन्ही चाकं सरळ रस्त्यावरसुद्धा थोडी फाकून चालतात, म्हणजे प्रत्येक मैलाला रबर रस्त्यावर घासलं जातंय, आणि तुझ्याकडे भार आधीच आतल्या कडेवर. खवणीवर नारळ धरल्यासारखं झालं. चाकोरीत भटकते ती पण त्यामुळेच.

माझ्याकडे हीच गाडी सात वर्षं आहे, रोजच्या वापराला मी हे ठेवतो: पुढे कॅम्बर उणे १ अंश १५ मिनिटं (६० मिनिटं म्हणजे १ अंश), टो इन (चाकांची पुढची टोकं आत) एकूण १ मिमी (शून्य पण चालेल), मागे कॅम्बर उणे १ अंश ४५ मिनिटं, टो इन एकूण २ मिमी. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा अर्धा अंश जास्त, म्हणजे चुकून वळणात जास्त वेगाने शिरलास तर आधी नाक बाहेर जाईल, शेपूट नाही. मागे टो शून्याच्या पलीकडे आऊटला कधीच जाऊ देऊ नकोस. ओल्या वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलास की मागचा भाग पुढे यायला बघेल.

कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) किती आहे ते लिहिलं नाहीस. प्रिंटआऊट असेल तर बघ.

घाटवेडा_रेडिंग:

बघितलं. डावीकडे ३ अंश ५० मिनिटं, उजवीकडे ४ अंश ३०.

तिरकं_चाक:

मग बरोबर आहे. या गाडीत पुढे खालच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकतो असे) असतात, कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही त्याच दोघांवर. कॅम्बर ओढून घेतला की कॅस्टर पडतो. तुझ्या गॅरेजवाल्याने उणे २.२ गाठायला कॅस्टरचा बळी दिला. कॅस्टर हाच वळल्यावर बाहेरच्या चाकाला फुकटचा उणे कॅम्बर देतो आणि स्टीअरिंग परत मध्ये आणतो. कॅम्बर १.२५ वर आणलास की ५ अंश आरामात मिळेल, फक्त दोन्हीकडे सारखा घे. कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी ओढते, तुझी डावीकडे जात असणार, त्यात इकडे रस्त्याचा उतारही डावीकडेच.

स्टुटगार्टचा_बंड्या:

मी थोडा असहमत. १.२५ म्हणजे सासरेबुवांचं सेटिंग. मी पुढे उणे १.८ आणि टो शून्य ठेवून दोन वर्षं चालवतोय, टायर आतून थोडे जास्त झिजतात पण दोऱ्या वगैरे काही नाही. वळणात बाहेरच्या टायरची बाहेरची कड वाचते. पण मी पण मान्य करतो की मी रोज ऑफिसला ट्रेनने जातो 😄

तिरकं_चाक:

तेच ना मग!! ज्याची गाडी रविवारी निघते त्याने १.८ ठेवावं.

पुणे_पोलोवाला:

वाचून जळफळाट झाला. माझ्या पोलो जीटीमध्ये मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच दांडी), काहीच ॲडजस्ट होत नाही, पुढे पण टो सोडून सगळं देवाच्या हवाली. आमच्याकडे कॅम्बर विचारला की पोरगा म्हणतो "साहेब, स्क्रीनवर सगळं हिरवं आलंय." अरे पण हिरवा पट्टा केवढा रुंद असतो, डावं चाक एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असलं तरी हिरवंच! मी आता रंग बघतच नाही, डावा आकडा आणि उजवा आकडा शेजारी ठेवून फरक बघतो.

अजून एक, अंश आणि मिनिटांचा घोळ. मी एकदा "टो पॉइंट दोन ठेवा" म्हणालो, मशीन मिनिटांत होतं, त्याने २० मिनिटं ठेवली. ०.२० अंश म्हणजे १२ मिनिटं होतात. घाटवेडाभाऊ तुमच्या टायरवर १२ मिनिटं म्हणजे साधारण २ मिमी, २० म्हणजे जवळपास साडेतीन. कागदावर लिहूनच द्या, आणि "एकूण" की "प्रत्येक चाकाला" ते पण लिहा.

तिरकं_चाक:

हे पोलोवाल्यांनी लाखातलं सांगितलं. आणि घाटवेडा, जायच्या आधी एक काम घरी कर. यूकेतली गाडी आहे, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ, कॅम बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून बसलेले असतात. नट ढिला करून बोल्टला पाना लाव. मोकळा असेल तर फिरेल. अडकला असेल तर रबरासारखा थोडा लवेल आणि सोडला की परत जागेवर. तसं असेल तर कुठलंही मशीन काही करू शकत नाही, गॅरेजवाला फक्त टाय रॉड (पुढचा टो ठरवणारी दांडी) फिरवून पैसे घेईल. भेदक तेल चार दिवस रोज मार, नाहीच सुटला तर बोल्ट कापून नवीन, बुशसकट. बुश नवे टाकलेस तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना, लटकत्या चाकांवर आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

क्रम: टायरमध्ये हवा, मग मागची चाकं, मग पुढे कॅम्बर-कॅस्टर, टो सगळ्यात शेवटी. आणि सीटवर तुझ्या वजनाएवढं काहीतरी ठेव, हजार-अकराशे किलोच्या गाडीत ड्रायव्हर म्हणजे मोठी गोष्ट.

घाटवेडा_रेडिंग:

अपडेट. आठपैकी सात बोल्ट फिरले, मागचा डावा एक अगदी तुम्ही म्हणालात तसा, लवतो आणि परत येतो. पाच दिवस तेल, सहाव्या दिवशी सकाळी असा टक्क आवाज आला की मला वाटलं तुटला, पण सुटला! काढून साफ करून कॉपर ग्रीस लावून परत टाकला.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, कागद दिला, सीटवर इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या १० किलोच्या तांदळाच्या आठ गोण्या रचल्या. मेकॅनिक दोन मिनिटं नुसता बघत राहिला, मग म्हणाला हे कुणी पहिल्यांदाच केलं. पुढे कॅम्बर उणे १ अंश २० दोन्हीकडे, कॅस्टर ५ अंश ५ आणि ५ अंश १०, टो इन एकूण ६ मिनिटं. मागे उणे १ अंश ४५, टो इन एकूण १२. पुढे दोन टायर नवीन.

एम४ वर एका हाताने चालली. नाक पूर्वीसारखं उडी मारून आत जात नाही हे खरं, पहिल्या दोन वळणांना थोडं वाईट वाटलं. वेल्सला रविवारी जातोय, तिथलं आल्यावर लिहितो. तांदूळ कुणाला पाहिजे का, सोनामसुरी आहे.